पगार सरकारचा, चावी बिशपांची

आयर्लंडमधल्या दहातल्या जवळपास नऊ प्राथमिक शाळा आजही कॅथलिक चर्चच्या हाताखाली आहेत असं आपल्याकडे कुणाला सांगितलं की लगेच उत्तर येतं, मग त्यात काय एवढं, आम्हीही कॉन्व्हेंटमध्येच शिकलो, सिस्टर लोकांनी इंग्लिश छान शिकवलं, कुणी आम्हाला ख्रिश्चन केलं नाही. खरंय. पण मुंबई-पुण्यात कॉन्व्हेंट नको असेल तर महापालिकेची शाळा असते, गावाकडे जिल्हा परिषदेची असते, वेगवेगळ्या संस्थांच्या मराठी शाळा असतात, म्हणजे कॉन्व्हेंट हा अनेकांतला एक पर्याय आणि लोक तो स्वतःहून, रांगा लावून घेतात. शिवाय आपल्या घटनेच्या २८व्या कलमात लिहिलंय की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, आणि अनुदानित शाळेत द्यायचं असेल तर संमतीशिवाय कुणाला त्यात बसवायचं नाही. आयर्लंडमध्ये मात्र कितीतरी गावांत शाळाच एक आहे. शिक्षकांचा पगार सरकार देतं, अभ्यासक्रम सरकार ठरवतं, रोजच्या खर्चाचं अनुदान सरकार देतं, आणि शाळेचे पेट्रन, म्हणजे आश्रयदाते, असतात त्या धर्मप्रांताचे बिशप. शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष ते नेमतात, शाळेचा एथॉस, म्हणजे तिचं धार्मिक वळण, काय असावा ते सांगतात, आणि जमीन-इमारतीचे कागद बहुतेक ठिकाणी धर्मप्रांताच्या ट्रस्टच्या नावावर असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या थोडं जवळ जाणारा प्रकार, म्हणजे कम्युनिटी नॅशनल स्कूल, इथे सुरू झाला तो २००८ मध्ये आणि त्या शाळा अजूनही मोजक्याच आहेत.

मी डब्लिनमध्ये राहते, इथेच टॅक्स भरते, माझी मुलं इथल्या शाळेत जातात, त्यामुळे हा विषय मला लांबून बघायचा विषय वाटत नाही. आणि एक आधीच स्पष्ट करते, बिशपांनी मतं मांडू नयेत असं माझं अजिबात म्हणणं नाहीये. गर्भपात, लैंगिक शिक्षण, गरिबांची घरं, कशावरही त्यांनी बोलावं, पत्रक काढावं, रविवारी प्रवचनात सांगावं, ट्रेड युनियनला जेवढा हक्क आहे तेवढा त्यांनाही आहे. माझा राग आहे तो आयरिश सरकारवर. शंभर वर्षं या सरकारने पैसा दिला आणि अधिकार दुसऱ्याच्या हातात ठेवला, कारण तसं करणं स्वस्त पडत होतं आणि काही वाईट घडलं की जबाबदारी आमची नाही म्हणायला मोकळं राहता येत होतं. ज्याच्या हातात जमिनीचा कागद आहे त्याला मत पटवून द्यायची गरजच पडत नाही, कागदच त्याचं काम करतो. बिशपांचा इथल्या शिक्षणावरचा आणि आरोग्यावरचा प्रभाव आज टिकलाय तो असा, चर्चमध्ये रविवारी येणारी गर्दी कधीच ओसरली तरी.

ही व्यवस्था सुरुवातीला अशी नव्हती हे इथल्याही बऱ्याच लोकांना माहीत नसतं. १८३१ साली ब्रिटिश राजवटीत नॅशनल स्कूल सुरू झाल्या तेव्हा कल्पना अशी होती की सगळ्या पंथांची मुलं एकत्र शिकतील आणि धर्माचा तास तेवढा वेगळा होईल. ती कल्पना कॅथलिक बिशपांनाही नको होती आणि प्रॉटेस्टंट चर्चनाही नको होती, प्रत्येकाने आपापल्या बाजूला ओढत ओढत एकोणिसावं शतक संपेपर्यंत शाळा आपापल्या पंथाच्या करून टाकल्या. १९२२ मध्ये देश स्वतंत्र झाला, लगेच यादवी युद्ध, तिजोरीत खडखडाट, मग नव्या सरकारने आहे तीच व्यवस्था उचलली आणि पुढे ती बदलायला कुणी हात लावला नाही. १९३७ च्या घटनेत तर कॅथलिक चर्चला खास स्थान दिलं गेलं, ते कलम १९७२ मध्ये सार्वमत घेऊन काढलं. (आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना याच आयरिश घटनेवरून घेतली, चर्चच्या स्थानाचं कलम मात्र आपल्याला घ्यायचं कारण नव्हतं.) १९६५ च्या शाळांच्या नियमावलीत असं होतं की धर्म हा शाळेतला सगळ्यात महत्त्वाचा विषय आहे आणि शाळेच्या सगळ्या कामात धार्मिक भावना भरलेली असली पाहिजे. हा नियम रद्द झाला जानेवारी २०१६ मध्ये. म्हणजे आज इथे जी मुलं कॉलेजात आहेत त्यांच्या शाळेत हा नियम लागू होता.

आता आरोग्याकडे येते, कारण बिशप आणि सरकार यांचं नातं कसं चालायचं हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते १९५१ च्या मदर अँड चाइल्ड स्कीममध्ये. नोएल ब्राऊन नावाचे तरुण डॉक्टर १९४८ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि संसदेतल्या पहिल्याच दिवशी आरोग्यमंत्री झाले, वय बत्तीस. टीबीने त्यांच्या घरातली माणसं गेली होती, त्यांना स्वतःलाही टीबी झाला होता, त्यामुळे टीबीसाठी हॉस्पिटलं उभारायचं काम त्यांनी झपाटल्यासारखं केलं. मग त्यांनी योजना आणली की प्रत्येक गरोदर बाईची तपासणी, बाळंतपण आणि सोळा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाचे उपचार मोफत, उत्पन्नाचा दाखला वगैरे काही मागायचा नाही. ऑक्टोबर १९५० मध्ये बिशपांचं पत्र पंतप्रधान जॉन कॉस्टेलो यांच्याकडे गेलं. मुलांच्या आरोग्याची सोय करणं हा आईवडिलांचा हक्क आहे, सरकारचा नाही, दहा टक्के लोक गरजू किंवा निष्काळजी आहेत म्हणून नव्वद टक्के आईवडिलांचा हक्क काढून घेता येत नाही, आणि आई होणाऱ्या बायकांना सरकारी डॉक्टर सल्ला देणार म्हणजे उद्या त्यात संततिनियमन आणि गर्भपातही येईल, असा त्या पत्राचा सूर होता. डब्लिनचे आर्चबिशप जॉन चार्ल्स मॅकक्वेड, जे १९४० पासून १९७२ पर्यंत त्या पदावर होते, त्यांनी ब्राऊन यांना आपल्या निवासस्थानी बोलावून घेतलं, सोबत आणखी दोन बिशप. मंत्री बिशपांना भेटायला गेले. बिशप मंत्रालयात आले नाहीत.

पुढचे काही महिने पत्रापत्री चालली, आणि ज्या मंत्रिमंडळाने योजना मान्य केली होती ते हळूहळू मागे सरकलं. एप्रिल १९५१ मध्ये ब्राऊन यांच्या स्वतःच्याच पक्षाचे नेते शॉन मॅकब्राइड यांनी त्यांचा राजीनामा मागितला. ब्राऊन यांनी राजीनामा दिला आणि सगळी पत्रं पेपरांना देऊन टाकली, म्हणून तर आज आपल्याला हे सगळं माहितीये, नाहीतर हा व्यवहार बंद दाराआडच राहिला असता. कॉस्टेलो यांनी संसदेत उभं राहून सांगितलं की मी कॅथलिक आहे आणि माझ्या चर्चच्या अधिकाऱ्यांचं मी ऐकतो आणि ऐकत राहीन. खापर एकट्या बिशपांवर फोडणं बरोबर होणार नाही, खासगी फी बुडेल म्हणून डॉक्टरांची संघटनाही या योजनेच्या विरोधात जोरात होती, ब्राऊन यांचा स्वभावही तडजोडीचा नव्हता. पण मला सलते ती गोष्ट वेगळी आहे. संसदेने ही योजना मतदान करून पाडली नाही. लोकांनी निवडणुकीत नाकारली नाही. निवडून आलेल्या माणसांनी, न निवडून आलेल्या माणसांच्या पत्रावरून ती सोडून दिली. त्याची किंमत आयर्लंड अजून मोजतंय, पश्चिम युरोपातल्या बऱ्याच देशांत डॉक्टरकडे जाताना पाकीट काढावं लागत नाही, इथे मेडिकल कार्ड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारं मोफत उपचारांचं कार्ड, नसेल तर साध्या तापाला जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, गेलं की पन्नास-साठ युरो जातात. सहा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना जीपी मोफत झाला तो जुलै २०१५ मध्ये, म्हणजे ब्राऊन यांच्या राजीनाम्यानंतर चौसष्ट वर्षांनी, आणि आठ वर्षांखालच्यांना २०२३ मध्ये. सोळा वर्षांपर्यंतचा टप्पा अजून गाठलेला नाही. २०१५ मध्ये आरोग्यमंत्री होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, हे आपल्या लोकांना सांगायलाच नको.

शाळेतलं आजचं चित्र कसं असतं ते सांगते, कारण आकडेवारीत ते दिसत नाही. माझी मुलगी दुसरीत होती ते वर्ष फर्स्ट कम्युनियनचं, म्हणजे कॅथलिक मुलांनी चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायच्या विधीचं. इथे दुसरीत म्हणजे सात-आठ वर्षांची मुलं, आणि जानेवारी उजाडला की वर्गात तयारी सुरू होते, प्रार्थना पाठ करायच्या, गाणी बसवायची, रांगेत चालायचं कसं, हात कसे जोडायचे, पापाची कबुली द्यायची म्हणजे काय करायचं. तेव्हा नियमाने धर्माला दिवसाला अर्धा तास, पण एप्रिल-मे आला की अर्ध्या तासाचा दीड तास कधी होतो कळत नाही, मधेच सगळा वर्ग चर्चमध्ये रिहर्सलला जातो. आम्ही ऑप्ट आउट केलं होतं, म्हणजे धर्माच्या तासातून मुलीला वगळायला सांगितलं होतं, फॉर्मवर टिक केलं की झालं. इथल्या घटनेत तो हक्क आहे, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षणाला न बसता शिकायचा प्रत्येक मुलाला हक्क आहे असं ४४व्या कलमात लिहिलंय. प्रत्यक्षात ऑप्ट आउट म्हणजे त्याच वर्गात मागच्या टेबलावर रंगवायचा कागद. ती, एक मुस्लिम मुलगा, आणि एक आयरिशच मुलगी जिच्या आईवडिलांचा कुठल्याच धर्मावर विश्वास नाही, असे तिघं-चौघं मागे. बाई खरंच चांगल्या होत्या, मुलांना एकटं वाटू नये म्हणून धडपडायच्या, त्यांचा दोष शून्य. पण त्यांनी तरी काय करायचं, मागच्या मुलांकडे बघायला वर्गात दुसरं माणूस नाही, दुसरी खोली नाही. मे महिन्यापर्यंत माझ्या मुलीला सगळी गाणी समोरच्या मुलांपेक्षा जास्त चांगली पाठ झाली होती, ती भांडी लावताना म्हणायची. गाणी म्हणण्यात काहीच वाईट नाही, आमच्याकडे रामरक्षाही चालते आणि नाताळचं झाडही लागतं. प्रश्न एवढाच की वर्षातले जे तास माझ्या टॅक्समधून पगार घेणाऱ्या बाईंनी तिला गणित शिकवायला हवे होते, त्या तासांत ती रंगवत बसली, आणि हे कुणालाच फारसं विचित्र वाटत नाही.

आणि निदान आज प्रवेश तरी मिळतो. २०१८ पर्यंत कॅथलिक शाळेत जागा कमी असतील तर बाप्तिस्मा झालेल्या मुलाला आधी घ्यायची कायद्याने मुभा होती, बाकीची मुलं शाळेशेजारी राहत असली तरी यादीत खाली. डब्लिनच्या उत्तरेला बालब्रिगन नावाचं गाव आहे, तिथे २००७ मध्ये अशी बरीच मुलं शाळेविना उरली, बहुतेक आफ्रिकन कुटुंबांतली, आणि शेवटी एज्युकेट टुगेदर या, कुठल्याही एका धर्माच्या नसलेल्या शाळा चालवणाऱ्या, संस्थेने तिथे घाईघाईने शाळा उघडली. सरकारी पैशावर चालणाऱ्या व्यवस्थेत जवळपास फक्त काळी मुलं असलेला वर्ग तयार झाला तो कुणा बिशपांनी ठरवून केला असं नाही, पण नियम तसा होता आणि सरकारने तो तसाच चालू दिला. २०१८ च्या कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांपुरती ही बाप्तिस्म्याची अट काढली. त्यासाठी पालकांना किती वर्षं भांडावं लागलं.

शिक्षकांचीही गोष्ट आहेच. १९८२ मध्ये वेक्सफर्ड काउंटीतल्या न्यू रॉस गावात आयलीन फ्लिन या शिक्षिकेला नन्सच्या शाळेने काढून टाकलं, कारण ती एका विवाहित पण बायकोपासून वेगळ्या राहणाऱ्या माणसाबरोबर राहत होती आणि तिला त्याच्यापासून मूल झालं होतं. तेव्हा आयर्लंडमध्ये घटस्फोटच नव्हता, त्यामुळे लग्न करायचं म्हटलं तरी करता येत नव्हतं. १९८५ मध्ये हायकोर्टाने शाळेची बाजू घेतली. तिचा पगार सरकारी तिजोरीतून येत होता. धार्मिक संस्थांना शिक्षकांच्या खासगी आयुष्यावरून भेदभाव करता येण्याची कायद्यातली पळवाट २०१५ मध्ये आवळली, तोपर्यंत समलिंगी शिक्षक स्टाफरूममध्ये तोंड मिटून बसायचे.

पण सरकारने हात झटकण्याचं सगळ्यात जळजळीत उदाहरण लुईस ओ'कीफ यांच्या केसचं. १९७३ मध्ये कॉर्क काउंटीतल्या डनडेरो गावच्या शाळेत, त्या लहान असताना, मुख्याध्यापकाने त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केले. त्याच माणसाबद्दल १९७१ मध्ये एका पालकाने शाळेच्या व्यवस्थापकाकडे, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंकडे, तक्रार केली होती, ती सरकारपर्यंत गेलीच नाही, कारण तशी जायची वाटच व्यवस्थेत नव्हती. मोठेपणी त्यांनी सरकारवर दावा लावला तेव्हा सरकारचं म्हणणं काय, तर हा शिक्षक आमचा नोकर नव्हता, आम्ही फक्त पगार देत होतो, शाळा बिशपांची. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं. जानेवारी २०१४ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क कोर्टाने अकरा विरुद्ध सहा मतांनी सांगितलं की मुलांचं रक्षण करणं हे सरकारचं कर्तव्य होतं, शाळा दुसऱ्याच्या हातात दिली म्हणून ते कर्तव्य दिलं जात नाही. हा निकाल मी जेव्हा वाचला तेव्हा मला वाटलं, बस, या देशातला सगळा वाद या एका वाक्यात आलाय. २०२४ मध्ये सरकारनेच नेमलेल्या प्राथमिक चौकशीत धार्मिक संघांनी चालवलेल्या ३०८ शाळांमधल्या २,३९५ तक्रारी आणि ८८४ आरोपींची नोंद झाली, आणि त्या आधी २००९ च्या रायन अहवालात औद्योगिक शाळांमध्ये, म्हणजे धार्मिक संघांनी चालवलेल्या निवासी संस्थांमध्ये, मुलांचं काय काय झालं ते आलंच होतं. त्या मुलांना भरपाई द्यायची म्हणून २००२ मध्ये सरकारने धार्मिक संघांशी करार केला, त्यात संघांचा वाटा ठरला १२.८ कोटी युरो. एकूण खर्च गेला दीड अब्जाच्या आसपास. उरलेला करदात्यांनी भरला.

सविता हलप्पनवार यांचं नाव घेतल्याशिवाय हा लेख मला पुढे नेता येणार नाही. बेळगावची मुलगी, दातांची डॉक्टर, एकतीस वर्षांची, ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या हॉस्पिटलात सतरा आठवड्यांची गरोदर असताना दाखल झाली. गर्भपात होणारच आहे हे डॉक्टरांना कळलं होतं, तिने आणि नवऱ्याने गर्भ काढा म्हणून विनंती केली, पण गर्भाचे ठोके चालू होते म्हणून नकार मिळाला. २८ ऑक्टोबरला ती सेप्सिसने गेली. ते हॉस्पिटल चर्चचं नव्हतं, सरकारी होतं, आणि चौकशीत डॉक्टरांच्या देखरेखीतल्या चुकाही बाहेर आल्या, हे दोन्ही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ज्या कायद्यामुळे नकार मिळाला तो कुठून आला? १९८३ ची आठवी घटनादुरुस्ती, पोटातल्या जिवाचा आणि आईचा जगण्याचा हक्क सारखा, सत्तर टक्क्यांच्या जवळ मतं पडली, बिशपांचा तिला पाठिंबा होता. आणि इथली जी मिडवाइफ सविताला म्हणाली की हा कॅथलिक देश आहे, तिने चौकशीत सांगितलं की मी फक्त समजावून सांगत होते, दुखवायचं नव्हतं. मला ते खरं वाटतं. सरकारी हॉस्पिटलातल्या सरकारी नर्सला पेशंटला सांगायला दुसरं कारण सुचलं नाही, इतकं ते हवेत होतं. बेळगावहून सविताच्या आईवडिलांनी २०१८ मध्ये आयरिश मतदारांना ही दुरुस्ती काढून टाकायची विनंती केली, आणि २५ मे २०१८ ला ६६.४ टक्के लोकांनी ती काढली.

कुणाला वाटेल की मग प्रश्न मिटला की. नाही मिटला. डब्लिनच्या होलस स्ट्रीटवरचं नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटल जुनं झालंय, अपुरं पडतंय, ते सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटलच्या आवारात नवीन बांधायचं २०१३ मध्ये ठरलं, खर्च सगळा सरकारचा. जमीन मात्र सिस्टर्स ऑफ चॅरिटी या नन्सच्या संघाची होती. २०१७ मध्ये लोकांना कळलं की नवीन हॉस्पिटलाची मालकी या संघाच्या ग्रुपकडे जाणार, तेव्हा लाखभर लोकांनी सह्या केल्या, होलस स्ट्रीटचे माजी प्रमुख पीटर बॉयलन यांनी बोर्डाचा राजीनामा दिला. याच संघाने मॅग्डलीन लाँड्र्या, म्हणजे 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांना कोंडून बिनपगारी राबवणारे धुलाईखाने, चालवल्या होत्या, लोकांना राग येणारच. नन्स बाजूला झाल्या, व्हॅटिकनची परवानगी यायला वेळ गेला, आणि मे २०२२ मध्ये सरकारने मान्य केलं की जमीन विकत मिळणार नाही, २९९ वर्षांच्या लीजवर मिळेल. सरकार सांगतं की कायदेशीर असलेल्या सगळ्या सेवा तिथे मिळतील, कागदावर तशा हमी आहेत. असतील. पण मग विकायला काय अडचण होती हे कुणी मला नीट सांगितलेलं नाही. आणि संशय काही हवेतून आलेला नाही, २००५ मध्ये डब्लिनच्याच मेटर या कॅथलिक हॉस्पिटलात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या औषधाची चाचणी अडली होती, का तर त्या औषधाने गर्भाला धोका म्हणून स्त्री पेशंटने गर्भनिरोधक वापरावं असं माहितीपत्रकात लिहिलं होतं आणि ते हॉस्पिटलच्या एथॉसमध्ये बसत नव्हतं. कॅन्सर झालेल्या बाईच्या उपचारापर्यंत एथॉस असा पोचतो.

माझी एक ओळखीची ताई आहे, वसईची, कॅथलिक, वीस-एक वर्षं इथे नर्स, रविवारची मिस्सा चुकवत नाही. तिच्याशी यावर माझं नेहमी वाजतं आणि तिचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. ती म्हणते, अगं सरकारकडे छदाम नव्हता तेव्हा या सिस्टर लोकांनी बिनपगारी हॉस्पिटलं चालवली, रात्रपाळ्या केल्या, गरिबांच्या पोरांना शिकवलं, ते तू का नाही लिहीत. आणि शाळेतून धर्म गेला तर पोरं शिकणार कुठे, इथल्या चर्चमध्ये तरुण माणूस दिसत नाही. पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. हजारो बायकांनी आयुष्य घातलंय, त्यांच्या कामावर हा देश उभा राहिलाय आणि त्यातल्या बहुतेकींनी कुणाला त्रास दिला नाही. पण त्यांच्या सेवेचं ऋण आहे म्हणून शंभर वर्षांनंतरच्या मुलांच्या वर्गाची चावी बिशपांकडे राहावी हे त्यातून येत नाही, शिवाय त्या इमारतींत सरकारचा आणि गावकऱ्यांचा पैसाही भरपूर गेलाय. दुसऱ्या मुद्द्यावर मी तिला विचारते, वसईत तू धर्म कुठे शिकलीस? घरी आजीकडे आणि रविवारी चर्चमध्ये. तिथे श्रद्धा टिकली. इथे शाळेने सगळं अंगावर घेतलं, आणि २०१६ ला ७८ टक्के असलेले कॅथलिक २०२२ च्या जनगणनेत ६९ टक्के झाले. कम्युनियनच्या दिवशी पांढरा ड्रेस, फोटो, पाकिटं, आणि पुढच्या रविवारी चर्च रिकामं, हे तीच मला सांगते. डब्लिनचे माजी आर्चबिशप डर्मिड मार्टिन स्वतःच कितीतरी वर्षं सांगत होते की चर्चकडे गरजेपेक्षा जास्त शाळा आहेत, काही सोडायला हव्यात.

मग सुटत का नाहीत? २०११-१२ मध्ये शिक्षणमंत्री रुअरी क्विन यांनी यासाठी तज्ज्ञांचा फोरम बसवला, नंतर सरकारने जाहीर केलं की २०३० पर्यंत सर्वधर्मीय शाळा ४०० करू. काम मात्र पेट्रनच्या मर्जीवर ठेवलं, म्हणजे ज्यांच्याकडून घ्यायचंय त्यांनीच विचार करून द्यावं. २०१९ मध्ये डब्लिनच्या मॅलहाइड-पोर्टमार्नक भागात शाळा हस्तांतरित करायची चर्चा निघाली तर काही शाळांमधून पालकांना पत्रं गेली की शाळा बदलली तर नाताळही साजरा होणार नाही. शिक्षणमंत्र्यांना खुलासा करावा लागला की असं काही नाही. तरी मला त्या पालकांचा राग येत नाही. आपली शाळा चांगली चाललीये, शेजारी-पाजारी तिथेच जातात, मुख्याध्यापिका ओळखीच्या आहेत, उगाच कशाला हात लावा, मिस्साला न जाणारी माणसंही असंच म्हणतात, मी त्यांच्या जागी असते तर मीही दोनदा विचार केला असता. म्हणूनच हे गावागावातल्या पालकांमध्ये भांडण लावून होणार नाही, हे सरकारने स्वतःच्या अंगावर घ्यायचं काम आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस डब्लिनला आले तेव्हा डब्लिन कॅसलमध्ये वराडकर पंतप्रधान म्हणून त्यांच्यासमोर उभे राहिले आणि चर्च आणि सरकार यांचं नातं नव्याने ठरवायला हवं असं तोंडावर म्हणाले. त्यांच्या आधीचे एन्डा केनी २०१३ मध्येच म्हणून गेले होते की मी कॅथलिक असलेला पंतप्रधान आहे, कॅथलिक पंतप्रधान नाही. कॉस्टेलोंपासून इथपर्यंतचा प्रवास मोठा आहे, मला त्याचं कौतुक वाटतं. पण भाषणांनी सातबारा बदलत नाही. माझी मागणी साधी आहे, सरकारने शाळांच्या जमिनी आणि इमारती रीतसर ताब्यात घ्याव्यात, विकत घ्यावी लागली तर बाजारभाव न देता आत्तापर्यंत घातलेला सरकारी पैसा आणि धार्मिक संघांनी न दिलेली भरपाई त्यातून वळती करून घ्यावी, आणि मुख्याध्यापक, शिक्षक, मुलं, शाळेचं नाव, युनिफॉर्म काहीही बदलू नये. फक्त मंडळाचा अध्यक्ष बिशपांनी नेमायचा नाही. कम्युनियनची तयारी शाळा सुटल्यावर त्याच हॉलमध्ये धर्मगुरूंनी आणि पालकांनी घ्यावी, हॉल फुकट द्या, वसईची ताई तिथे शिकवायला पहिली जाईल. आणि मॅटर्निटी हॉस्पिटलाची जमीन अजूनही सक्तीने संपादन करता येते, रस्त्यासाठी शेतकऱ्याची जमीन घेताना हेच सरकार एवढे आढेवेढे घेत नाही. माझा मुलगा पुढच्या वर्षी दुसरीत जाईल. त्याच्या वर्गाचा फॉर्म आलाय, त्यात ऑप्ट आउटच्या चौकोनाखाली एक रिकामी ओळ आहे, मुलाने त्या वेळात काय करावं असं आपल्याला वाटतं ते लिहा. मी लिहिलंय, गणित, शिक्षकासह.